वेगळी चूल : अमेरिकेतील विमान-मेकॅनिक आणि युनियन निवडण्याचा हक्क

माझे वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर होते. त्यांच्या मागे राहिलेल्या पत्र्याच्या पेटीत मला युनियनच्या वर्गणीच्या पावत्यांचे दोन गठ्ठे सापडले. एक मान्यताप्राप्त युनियनचा, दुसरा मान्यता नसलेल्या युनियनचा. वर्षे तीच, महिनेही बरेचसे तेच. रजेचे, बोनसचे, कँटीनचे गाऱ्हाणे घेऊन ते पहिल्या युनियनकडे जात, कारण कंपनी तिच्याशीच बोलत असे. दुसरीच्या गेट मीटिंगला ते शिफ्ट सुटल्यावर तासभर उभे राहत. एकाच माणसाने एकाच महिन्यात दोन युनियनांची वर्गणी भरली, तर तो नेमका कोणाचा?

महाराष्ट्रात ‘कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध’ कायदा १९७१ साली झाला आणि १९७५ पासून अमलात आला. त्यानुसार मान्यतेसाठी मागील सहा महिन्यांत किमान ३० टक्के सभासद दाखवावे लागतात आणि औद्योगिक न्यायालय त्या सभासदसंख्येची पडताळणी करते. म्हणजे मोजली जाते ती वर्गणी. कामगाराला बोलावून, पडद्यामागे उभे करून, ‘तुझ्या वतीने कोणी बोलावे?’ असे विचारण्याची सोय त्यात नाही.

मग असे विचारले जाते तरी कुठे, या कुतूहलाने मी वाचू लागलो. कायद्याचे रीतसर शिक्षण नसल्याने वाचन आडवेतिडवे झाले. त्यातून मी पोहोचलो अमेरिकेतील विमान-मेकॅनिकांपर्यंत. आपली युनियन कोणती हे या मंडळींनी मत देऊन ठरवले, नापसंत पडली तेव्हा मत देऊनच बदलली, आणि काही ठिकाणी पाच वर्षांत पुन्हा बदलली. वडिलांच्या पिढीला जे मिळाले नाही ते यांच्याकडे होते. त्याचे त्यांनी काय केले, आणि त्याने त्यांचे काय झाले, हे मला पाहायचे होते.

कायद्याने आखलेले वर्तुळ

अमेरिकेत बहुतेक खासगी उद्योगांना १९३५ चा कामगार संबंध कायदा लागू होतो. विमान कंपन्यांना मात्र लागू आहे तो १९२६ चा रेल्वे कामगार कायदा. रेल्वे बंद पडली की देश ठप्प होतो, म्हणून संप शक्य तितका लांबणीवर पडावा अशी या कायद्याची रचना आहे. करार संपत नाहीत, ते फक्त ‘बदलण्यास खुले’ होतात. वाटाघाटी वर्षानुवर्षे चालू शकतात. आणि प्रकरण हातघाईवर आले तर राष्ट्राध्यक्ष चौकशी मंडळ नेमून संप आणखी पुढे ढकलू शकतात. १९३४ च्या दुरुस्तीने ‘राष्ट्रीय मध्यस्थी मंडळ’ स्थापन झाले आणि १९३६ साली विमान कंपन्याही या कायद्याखाली आल्या.

युनियनची निवड हे मंडळ घेते. त्यासाठी आधी कामगारांनी सही-तारखेची कार्डे भरून द्यायची. जिथे युनियन नाही तिथे पूर्वी ३५ टक्के कार्डे पुरत. जिथे आधीच एक युनियन आहे आणि ती बदलायची आहे, तिथे निम्म्याहून अधिक लागत. २०१२ पासून दोन्हीकडे निम्म्याची अट आहे. पुरेशी कार्डे जमली की मंडळ मतदान घेते. पूर्वी मतपत्रिका टपालाने घरी येत. पुढे फोनवरून आणि मग इंटरनेटवरून मतदान होऊ लागले. या मतपत्रिकेवर कित्येक दशके ‘युनियन नको’ असा पर्यायच नव्हता. नको असेल त्याने कागद फाडून टाकायचा. एकूण पात्र कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांनी मत दिले नाही, तर युनियन नाही. घरी बसलेल्याचे मत ‘नको’मध्ये धरण्याची ही रीत २०१० साली बदलली आणि पडलेल्या मतांतले बहुमत पुरेसे ठरले.

पण मतदानाच्या आधीच एक मोठा निर्णय झालेला असतो. मतदार कोण? कायद्याचे शब्द आहेत ‘कसब किंवा वर्ग’. वैमानिकांचा एक वर्ग, हवाई सेविकांचा दुसरा, सामान चढवणाऱ्यांचा तिसरा, ‘मेकॅनिक व संबंधित कर्मचारी’ हा आणखी एक. प्रत्येक वर्ग देशभरच्या सगळ्या विमानतळांवर मिळून एक, आणि प्रत्येकाची निवड वेगळी. मेकॅनिकांच्या वर्गात इंजिन उघडणारा परवानाधारक असतो, तसाच विमान आतून धुऊन काढणारा सफाई कामगारही येऊ शकतो. एकाच हँगरमध्ये, एकाच विमानाभोवती राबणारी माणसे कायद्याच्या लेखी वेगवेगळ्या वर्तुळांत उभी असतात. हे वर्तुळ लक्षात ठेवले नाही तर पुढचा इतिहास कळत नाही.

इंजिनाखालच्या खड्ड्यातून हँगरमध्ये

मेकॅनिकांपुढे मत मागायला ज्या मोठ्या युनियना आल्या, त्यांतली एकही विमानासाठी जन्मलेली नव्हती. ‘मशिनिस्ट’ या नावाने ओळखली जाणारी संघटना १८८८ साली अटलांटा शहरात, रेल्वे इंजिनाखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात १९ कारागिरांनी गुपचूप स्थापन केली. ‘ट्रान्सपोर्ट वर्कर्स’ ही १९३४ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत उभी राहिली. ‘टीमस्टर्स’ म्हणजे मुळात घोड्यांच्या गाड्या हाकणारे गाडीवान. त्यांची संघटना १९०३ ची, म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्याच वर्षाची. तिच्या बोधचिन्हावर आजही घोड्यांची तोंडे आहेत.

या मोठ्या छपराचा फायदा होता. १९६६ सालच्या ८ जुलैला मशिनिस्ट युनियनच्या सुमारे ३५ हजार सभासदांनी ईस्टर्न, नॅशनल, नॉर्थवेस्ट, टीडब्ल्यूए आणि युनायटेड अशा पाच कंपन्यांत एकाच वेळी संप पुकारला. ऐन उन्हाळी प्रवासाच्या दिवसांत देशाची बहुतांश विमाने जमिनीवर राहिली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून तडजोड जाहीर केली. सभासदांनी ती मतदानाने फेटाळली. ४३ दिवसांनी, अधिक चांगल्या अटींवर, संप मिटला. पाच मालकांसमोर एक संघटना, आणि राष्ट्राध्यक्षांना नकार देण्याचा अधिकार सामान्य सभासदाच्या हाती, असे हे दृश्य होते.

कसबाचा अभिमान

तरीही याच दशकात वेगळी चूल मांडण्याचा विचार रुजला होता. १९६२ साली ओ. व्ही. डेल-फेमिन या मेकॅनिकने ‘एअरक्राफ्ट मेकॅनिक्स फ्रॅटर्नल असोसिएशन’, म्हणजे ‘आम्फा’, ही फक्त विमान-मेकॅनिकांची संघटना सुरू केली. तिचे म्हणणे साधे होते. वैमानिकांची स्वतंत्र संघटना आहे, म्हणून त्यांचा भाव आहे. मेकॅनिकलाही केंद्रीय हवाई प्रशासनाची परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. काम झाल्यावर तो नोंदवहीत सही करतो आणि त्या सहीवर विमान उडते. त्याची गाठ सामान चढवणाऱ्यांशी बांधली, तर वाटाघाटीत त्याच्या कौशल्याचे मोल होणार नाही.

यामागे जुना सल होता. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे इंजिन चार्ली टेलर या त्यांच्या मेकॅनिकने सुमारे सहा आठवड्यांत घडवले. राइट बंधूंची नावे शाळेतल्या पोराला ठाऊक असतात. टेलर १९५६ साली जवळजवळ निष्कांचन अवस्थेत वारला. मेकॅनिक दिसत नाही, ही भावना त्या धंद्यात किती खोल आहे हे या एका आयुष्यावरून समजते.

बरीच वर्षे आम्फा लहानच राहिली. तिला बळ मिळाले ते १९७८ नंतर. त्या वर्षी विमानभाडे आणि मार्ग यांवरचे सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा झाला. स्पर्धा वाढली, नव्या स्वस्त कंपन्या आल्या, आणि जुन्या कंपन्यांनी खर्च कापायला पगारापासून सुरुवात केली. १९८९ च्या मार्चमध्ये ईस्टर्नच्या मशिनिस्टांनी संप केला. वैमानिकांनी सुरुवातीला त्यांना साथ दिली आणि वर्ष सरता सरता ती मागे घेतली. १९९१ च्या जानेवारीत कंपनीच बंद पडली. नॉर्थवेस्टमध्ये १९९३ साली युनियनांनी शेअरच्या बदल्यात पगारकपात पत्करली. युनायटेडमध्ये १९९४ साली वैमानिक, मशिनिस्ट आणि इतर काही कर्मचाऱ्यांना ५५ टक्के मालकी मिळाली, तीही पगार सोडून. कपात करारावर सही करणारी युनियन सभासदाला नकोशी होणे स्वाभाविक होते. ‘आमच्या वाट्याचे तुम्ही दिलेत’ हे वाक्य उघड बोलले जाऊ लागले.

१९९८ च्या उन्हाळ्यात नॉर्थवेस्टच्या वैमानिकांनी दोन आठवडे संप केला. स्वतःची वेगळी संघटना असली की काय होते, हे मेकॅनिकांनी डोळ्यांसमोर पाहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस नॉर्थवेस्टच्या नऊ हजारांवर मेकॅनिक आणि संबंधित कर्मचाऱ्यांनी मशिनिस्ट युनियन सोडून आम्फा निवडली. २००१ साली आम्फाने भरघोस पगारवाढीचा करार मिळवला. वेगळी चूल पेटली होती, भाकरीही भाजली जात होती.

इतर कामगार संघटनांनी याकडे मात्र घरफोडी म्हणून पाहिले. अमेरिकेच्या मध्यवर्ती कामगार महासंघाचा नियम आहे, की एका सभासद युनियनने दुसरीचे कामगार पळवायचे नाहीत. आम्फा महासंघात नव्हतीच, त्यामुळे तिला तो नियम बांधत नव्हता. पण बाहेर असण्याचा दुसरा अर्थ असा, की अडचणीत तिच्या मदतीला धावून येण्याचे बंधनही कोणावर नव्हते.

२० ऑगस्ट २००५

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर प्रवासी घटले आणि नॉर्थवेस्टने मेकॅनिक मोठ्या संख्येने कमी केले. २००५ पर्यंत आम्फाचे साधारण ४,४०० सभासद उरले. कंपनीची मागणी होती वर्षाला १७ कोटी ६० लाख डॉलरच्या बचतीची. त्यात सुमारे एक चतुर्थांश पगारकपात होती आणि जवळपास २,००० जागा जाणार होत्या. सफाई कामगारांचे काम बाहेरच्या कंत्राटदारांना द्यायचे होते. कसबाची म्हणून काढलेल्या संघटनेत, कायद्याच्या वर्तुळामुळे, हे बिनपरवान्याचे कामगारही होते. कुऱ्हाड आधी त्यांच्यावर पडणार होती.

२० ऑगस्टला संप सुरू झाला. पण कंपनी त्यासाठी सुमारे १८ महिने तयारी करत होती. हजाराहून अधिक बदली मेकॅनिक आधीच शिकवून ठेवले होते, दुरुस्तीची मोठी कामे बाहेर दिली होती. अमेरिकी कायद्यात संपकऱ्यांच्या जागी कायमची माणसे घेता येतात. तरीही वैमानिक, हवाई सेविका आणि सामान चढवणारे गेटवर थांबले असते, तर विमाने उडाली नसती. ते थांबले नाहीत. सात वर्षांपूर्वी ज्यांना सोडून मेकॅनिक गेले होते, त्या मशिनिस्ट युनियनचे सभासद संपकऱ्यांच्या रांगेसमोरून कामावर गेले. वैमानिक गेले. हवाई सेविकांच्या स्वतंत्र संघटनेने सहानुभूती दाखवली, संप केला नाही. जुलैअखेर टीमस्टर्ससह काही मोठ्या युनियना महासंघातून बाहेर पडल्या होत्या आणि अमेरिकेची कामगार चळवळ आपलीच फाटाफूट निस्तरत होती.

१४ सप्टेंबरला नॉर्थवेस्टने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. संप चालूच राहिला, पण विमानेही चालू राहिली. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये सभासदांनी मतदान करून संप संपवला. बहुतेकांच्या जागा तोवर गेल्या होत्या.

मी प्रथम हा तपशील वाचला तेव्हा माझा राग कामावर गेलेल्यांवर होता. पुढे वाचत गेलो तसा तो राग एका जागी थांबेना. १९९८ साली मेकॅनिकांनी मत देताना जो प्रश्न सोडवला, तो त्यांच्या समजुतीप्रमाणे ‘कोणती युनियन?’ असा होता. प्रत्यक्षात ते ‘आम्ही म्हणजे कोण?’ याचे उत्तर देत होते. उत्तर होते: आम्ही म्हणजे मेकॅनिक. सात वर्षांनी बाकीच्यांनी तेच उत्तर त्यांना परत केले.

चुली विझत गेल्या

युनायटेडमध्येही २००३ साली मेकॅनिकांनी मशिनिस्ट सोडून आम्फा निवडली. कंपनी तेव्हा दिवाळखोरी न्यायालयात होती. २००५ साली न्यायालयाच्या परवानगीने तिने कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन योजना सरकारी विमा मंडळाच्या गळ्यात टाकल्या. निवडणूक जिंकलेल्या युनियनला ते रोखता आले नाही. हरलेलीलाही कदाचित आले नसते. २००८ साली त्याच मेकॅनिकांनी आम्फा सोडून टीमस्टर्स निवडली. पाच वर्षांत तीन युनियना.

नॉर्थवेस्टचा शेवट अधिक विचार करायला लावणारा आहे. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ती डेल्टा कंपनीत विलीन झाली. डेल्टाच्या मेकॅनिकांची युनियन नव्हती. दोन्हीकडचे मेकॅनिक एका वर्तुळात आले, आणि आम्फाची मान्यता संपली. २००५ साली जे रांगेसमोरून कामावर गेले होते, त्यांची वेळ २०१० साली आली. नव्या, सोप्या बहुमताच्या नियमाने झालेल्या मतदानात एकत्रित कंपनीतील सामान चढवणाऱ्यांनी मशिनिस्ट युनियन नाकारली. हवाई सेविकांनीही थोडक्या मतांनी युनियन नाकारली. दोन्ही गटांत नॉर्थवेस्टच्या जुन्या सभासदांपेक्षा डेल्टाचे युनियन न पाहिलेले कर्मचारी अधिक होते. नॉर्थवेस्टच्या या तीन चुलींपैकी एकही पेटती राहिली नाही. वैमानिकांची संघटना तेवढी टिकली.

याचा अर्थ कसबाची संघटना नेहमी हरतेच असा नाही. साउथवेस्टच्या मेकॅनिकांनी याच काळात टीमस्टर्स सोडून आम्फा घेतली आणि ती आजही तिथे आहे. २०१९ साली, सहा वर्षांहून अधिक रेंगाळलेल्या वाटाघाटींनंतर, तिने चांगला करार केला. आणि अमेरिकन एअरलाइन्समध्ये २०१३ च्या विलीनीकरणानंतर उलटी गोष्ट घडली. ट्रान्सपोर्ट वर्कर्स आणि मशिनिस्ट या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी युनियनांनी मेकॅनिकांसाठी भांडण्याऐवजी संयुक्त आघाडी केली आणि २०२० साली एकत्रित करार मिळवला. दरम्यान विमानांची मोठी दुरुस्ती अल साल्व्हादोर, मेक्सिको, सिंगापूरकडे सरकत गेली. तिथल्या मेकॅनिकला यांच्यापैकी कोणत्याच वर्तुळात मत नाही.

परत मुंबईला

हे सगळे वाचताना मला सतत आपला गिरणी संप आठवत राहिला, कारण तो या चित्राची नेमकी दुसरी बाजू आहे. मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ चा. एका शहरातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन, आणि मालकाने बोलायचे ते तिच्याशीच. कापड गिरण्यांत ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे होते. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पगारवाढीइतकीच महत्त्वाची मागणी होती ती हा कायदा बदलण्याची. अडीच लाख माणसे महिनोन्‌महिने घरी बसून सांगत होती की आमच्या वतीने कोणी बोलावे, आणि कायद्याला ते ऐकू येत नव्हते. तो संप औपचारिकपणे कधी मागेही घेतला गेला नाही.

नॉर्थवेस्टच्या मेकॅनिकांकडे मत होते, सोबत नव्हती. गिरणगावाकडे सोबत होती. विणकर, कातणारे, जॉबर, बदली, खानावळ चालवणाऱ्या बायका, सगळे एका वर्तुळात होते. मत मात्र नव्हते. दोघेही हरले. म्हणून ‘गुप्त मतदान आणा, प्रश्न सुटेल’ असे म्हणणाऱ्यांशी मी आता पूर्ण सहमत नाही. पण त्याची गरज नाही असे म्हणणाऱ्यांशी तर मुळीच नाही. नॉर्थवेस्टच्या मेकॅनिकांची चूक झाली असेल, तर ती त्यांची स्वतःची होती आणि ती दुरुस्त करण्याचा मार्ग त्यांच्या हातात होता. गिरणी कामगारांना चूक करण्याचाही अधिकार दिला गेला नाही.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. मान्यता सक्तीची करणारी केंद्रीय कायद्यातली दुरुस्ती १९४७ साली मंजूर झाली आणि कधीच अमलात आली नाही. माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाने १९६९ साली सक्तीच्या मान्यतेची शिफारस केली. पावत्यांची पडताळणी की मतदान, हा निर्णय मात्र प्रस्तावित औद्योगिक संबंध आयोगावर सोडला. विमान वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत असल्याने मुंबईच्या हँगरमधील मेकॅनिकांना राज्याच्या मान्यता कायद्याचाही आधार नव्हता. २०१० च्या मे महिन्यात संप झाल्यावर एअर इंडियाच्या व्यवस्थापनाने दोन संघटनांची मान्यता काढून घेतली. दिलेली मान्यता मालक परत घेऊ शकतो. कामगाराने मतदानाने दिलेली मान्यता त्याला अशी घेता येत नाही, हा फरक त्या दिवशी स्पष्ट झाला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत आता ५१ टक्के सभासद असलेली युनियन एकमेव वाटाघाटीची संघटना ठरते, आणि तितके कोणाकडे नसतील तर वाटाघाटी परिषद बनते.

५१ टक्के हा आकडा ऐकायला चांगला आहे. पण तो कोणत्या वर्तुळातला, हे आधी विचारावे लागेल. कंत्राटी कामगार हजेरीपटावर नसेल, तर तो वर्तुळाबाहेर. तोच उद्या गेटसमोरून कामावर जाईल, आणि कायम कामगार त्याच्यावर रागावेल.

वडिलांच्या पावत्यांचे दोन्ही गठ्ठे मी जपून ठेवले आहेत. पूर्वी मला वाटे, की त्यांना एकदा मतपत्रिका मिळाली असती तर त्यांनी एक गठ्ठा फेकून दिला असता. आता तितकी खात्री वाटत नाही. त्यांच्या कारखान्यातले कंत्राटी हेल्पर कोणत्याच युनियनचे नव्हते. वडील त्यांच्याबद्दल घरी कधी बोलल्याचे मला आठवत नाही, आणि त्यांच्या नावाची पावती त्या पेटीत सापडण्याचा प्रश्नच नव्हता.